‘दुष्काळात टिकणारं’ भाताचं वाण: ही टेस्ट नेमकी घेतात कशी?

४ मे २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताची दोन नवी वाणं जाहीर केली. दोन्ही जीनोम एडिटिंग करून तयार केलेली. पहिलं हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचं ‘डीआरआर धान १००’, म्हणजेच ‘कमला’. दुसरं दिल्लीच्या पूसा संस्थेचं ‘पूसा डीएसटी राईस १’. जीनोम एडिटेड भाताची वाणं जाहीर करणारा भारत जगातला पहिला देश, असं तेव्हा सांगितलं गेलं.

यातलं दुसरं वाण आज आपल्या कामाचं. नावातल्या ‘डीएसटी’चा अर्थ ड्रॉट अँड सॉल्ट टॉलरन्स, म्हणजे दुष्काळ आणि खारेपणा सहन करण्याची ताकद. अशी बातमी आपल्या फोनपर्यंत येईस्तोवर तिचं ‘आता पाण्याशिवाय भात’ असं काहीतरी होऊन जातं. पण सरकारी पत्रकातले आकडे नीट वाचले तर एक गंमत दिसते. ९.६६ टक्के ते ३०.४ टक्के जास्त उत्पन्न, हा जो आकडा सगळीकडे फिरला, तो खारवट आणि चोपण जमिनीतला आहे. नावात दुष्काळ आधी आणि मीठ नंतर, पण ठळक आकडे मिठाचे.

म्हणजे वाण खोटं आहे का? असं लगेच म्हणता येत नाही. पण प्रश्न विचारायची जागा मात्र सापडते: एखादं भाताचं रोप ‘दुष्काळात टिकतं’ हे ठरवतात कसं? कोण ठरवतं? त्या टेस्टमध्ये पास होणं आणि गोंदियाच्या बांधीत किंवा इगतपुरीच्या खाचरात पीक हाती येणं, यात अंतर किती? चला, एकेक करून बघू.

आधी तुमच्या फोनचंच उदाहरण घ्या

फोनच्या डब्यावर ‘आयपी ६८’ लिहिलेलं असतं. वाचून वाटतं, फोन पाण्यात पडला तरी टेन्शन नाही. पण ती टेस्ट ठरलेल्या खोलीवर, ठरलेल्या वेळेपुरती आणि साध्या गोड्या पाण्यात झालेली असते. समुद्राच्या लाटा, साबणाचं पाणी, दोन वर्षं जुना झालेला फोन यांची ती टेस्ट नसते. म्हणून तर पाणी शिरलं की बऱ्याच कंपन्या वॉरंटी देत नाहीत.

भाताचंही तसंच आहे. ‘ड्रॉट टॉलरंट’ हा शिक्का कोणत्या तरी एका टेस्टचा निकाल असतो. टेस्ट कोणती, रोपाच्या कोणत्या वयात, कोणत्या मातीत आणि किती दिवस पाणी तोडून घेतली, हे कळल्याशिवाय त्या शिक्क्याचा अर्थ लागत नाही.

दुष्काळ एकाच प्रकारचा नसतो

आपण सरसकट ‘दुष्काळ’ म्हणतो, पण भाताला तीन वेगवेगळ्या वेळी फटका बसतो.

पहिला, सुरुवातीला. नर्सरीत रोपं तयार आहेत आणि पाऊस गायब. रोवणी लांबते, रोपं म्हातारी होतात, पुढे फुटवे कमी येतात.

दुसरा, मध्येच. ऑगस्टमध्ये पाऊस मोठा खंड देतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्या महिन्यात सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के पाऊस कमी झाला.

तिसरा सगळ्यात घातक. पीक पोटरीत आहे किंवा नुकतंच निसवतंय, आणि पाऊस निघून जातो. हस्ताच्या पावसाकडे भात उत्पादक डोळे लावून बसतात ते यासाठीच. या काळात आठ-दहा दिवस पाण्याचा ताण बसला तरी लोंबी पूर्ण बाहेर पडत नाही, परागकण वांझ होतात आणि दाणे पोचट राहतात. लांबून शेत हिरवंगार दिसतं, पण लोंबी हातात घेतली की हलकी लागते.

म्हणूनच एकवीस दिवसांचं रोप दुष्काळात जगलं, यावरून ते वाण फुलोऱ्यातला दुष्काळ सहन करेल असं म्हणता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हा विषय फक्त शास्त्रज्ञांचा नाही. २००९ मध्ये मान्सून सरासरीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी पडला. देशातलं तांदळाचं उत्पादन २००८-०९ मध्ये ९ कोटी ९० लाख टनांच्या पुढे होतं, ते २००९-१० मध्ये ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास आलं. एका वर्षात एक कोटी टनांची घट. जुलै २०२३ मध्ये सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा परदेशातल्या भारतीय दुकानांत तांदळाच्या पोत्यांसाठी रांगा लागल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पावसाचा खंड आणि किराणा दुकानातला भाव यांचा संबंध इतका जवळचा आहे.

रोपांची परीक्षा: पाच पद्धती

१. केमिकलचा दुष्काळ. सगळ्यात स्वस्त आणि झटपट पद्धत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव्य पाण्यात मिसळतात. त्यामुळे पाणी समोर असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. या द्रावणात बिया किंवा लहान रोपं वाढवायची, कोण तग धरतं ते बघायचं. काही दिवसांत शेकडो वाणांची चाळणी होते. पण यात माती नाही, खोल जाणारी मुळं नाहीत, फुलोरा नाही. ही चाळणी आहे, अंतिम निकाल नाही.

२. कुंडी आणि पाइप. कुंडीत रोप लावून पाणी तोडतात आणि रोज कुंडीचं वजन करतात. वजन जितकं घटलं तितकं पाणी गेलं, साधा हिशोब. मुळं बघायची असतील तर साधारण मीटरभर लांबीच्या पीव्हीसी पाइपमध्ये माती भरून त्यात भात वाढवतात, नंतर पाइप उघडून मुळं धुऊन मोजतात.

३. पान वळण्याचे गुण. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इरी’ने, यासाठी ० ते ९ अशी गुणपट्टी ठरवली आहे. पान सपाट आणि निरोगी असेल तर ०. थोडं दुमडायला लागलं तर १, खोल ‘व्ही’ आकार झाला तर ३, वाटीसारखं झालं तर ५, दोन्ही कडा एकमेकांना टेकल्या तर ७, आणि घट्ट सुरळी झाली तर ९. पान किती वाळलं याची वेगळी गुणपट्टी. पुन्हा पाणी दिल्यावर रोप किती सावरलं, याचीही वेगळी.

४. शेतात पाणी तोडणं. लावणीनंतर काही आठवड्यांनी खाचरातलं पाणी काढून टाकतात आणि पुढे सिंचन बंद. जमिनीत टेन्शिओमीटर पुरून मातीत ओल किती उरली ते मोजतात. शेजारीच तीच वाणं भरपूर पाण्यावर वाढवलेली असतात, तुलनेसाठी. पावसाळ्यात ही टेस्ट घ्यायची तर पाऊसच खोडा घालतो. त्यासाठी काही केंद्रांवर रुळांवरून सरकणारं छप्पर असतं. पाऊस आला की छप्पर पिकावर, थांबला की बाजूला.

५. कॅमेरे आणि सेन्सर. दिल्लीच्या पूसा संस्थेत ऑक्टोबर २०१७ मध्ये नानाजी देशमुख प्लांट फिनॉमिक्स सेंटर सुरू झालं. तिथे रोपांच्या कुंड्या यंत्रावरून फिरतात. त्यांचं वजन होतं, ठरलेलं पाणी दिलं जातं आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी फोटो घेतले जातात. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, खारेपणा अशा ताणांवर काम करणारी ही केंद्रीय संस्था, आणि तिथेही रोपांचं असं यंत्राने मोजमाप करण्याची सोय आहे.

मग निकाल चुकतो कुठे?

इथे खरी मजा आहे. रोप ‘पास’ दिसतं, पण कारण भलतंच असतं.

समजा दोन सारख्या कुंड्या आहेत. एकीत मोठं, भरपूर पानांचं रोप आणि दुसरीत बारीकसं. दोघांचं पाणी एकाच दिवशी तोडलं. मोठं रोप चार दिवसांत कोमेजलं, बारीक रोप आठ दिवस हिरवं राहिलं. बारीक रोप सहनशील म्हणायचं? त्याने पाणीच कमी प्यायलं. त्याच्या कुंडीत अजून ओल आहे, दुष्काळ तिथे पोहोचलेलाच नाही. म्हणून चांगल्या प्रयोगात दिवस मोजत नाहीत, मातीतली ओल मोजतात. दोन्ही कुंड्या सारख्याच कोरड्या झाल्यावर तुलना करायची.

दुसरी फसगत वेळेची. हळवं वाण लवकर फुलतं. दुष्काळ यायच्या आधीच त्याचे दाणे भरलेले असतात. त्याने दुष्काळ सहन केला नाही, चुकवला. शेतकऱ्याला हेही उपयोगाचं आहे, कोकणात वरकस जमिनीवर हळवी भातं लावतात ती याच हिशोबाने. पण गरव्या वाणाशी त्याची तुलना करून ‘हे जास्त सहनशील’ म्हणणं म्हणजे पेपर सुरू व्हायच्या आधीच घरी गेलेल्याला पास करण्यासारखं आहे.

तिसरी फसगत जमिनीची. एकाच शेतात एक कोपरा सखल असतो. तिथे ओल जास्त दिवस टिकते. तिथे लावलेलं कोणतंही वाण हिरो दिसतं. म्हणून एकच वाण शेतात वेगवेगळ्या ठिकाणी लावून सरासरी काढतात.

चौथी टक्केवारीची, आणि बातम्यांमध्ये ही सगळ्यात जास्त दिसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. वाण ‘अ’ पाणी असताना हेक्टरी ५० क्विंटल देतं आणि दुष्काळात २०. वाण ‘ब’ पाणी असताना ३० आणि दुष्काळात १८. ‘अ’ची घट ६० टक्के, ‘ब’ची ४० टक्के. हेडलाइन येईल की ‘ब’ जास्त सहनशील. पण पोती मोजली तर दुष्काळातही ‘अ’ दोन क्विंटलने पुढे आहे, आणि चांगल्या वर्षी तर वीस क्विंटलने. घट किती हे सांगून भागत नाही, हातात किती आलं तेही सांगावं लागतं.

‘सहभागी धान’ची गोष्ट

बरीच वर्षं शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की दुष्काळातलं उत्पन्न हे निवडीसाठी भरवशाचं माप नाही. शेताशेतात, वर्षावर्षाला ते इतकं बदलतं की त्यावरून चांगलं वाण ओळखता येणार नाही. म्हणून मुळांची लांबी, पानांची सुरळी, पानातलं पाणी अशी आडवाटेची मापं घेतली जायची. पण त्यांच्या आधारावर निवडलेली वाणं शेतात फारशी चमकली नाहीत.

मग इरीमध्ये आणि भारतातल्या केंद्रांवर उलट करून बघितलं. टेस्ट नीट आखली, दुष्काळ नियंत्रणात ठेवला, तर उत्पन्न हेच थेट माप म्हणून वापरता येतं, असं दिसलं. एका शेतात पाणी, दुसऱ्यात दुष्काळ, आणि दोन्हीकडे चांगलं देणारंच पुढे न्यायचं.

याच रस्त्याने आलेलं वाण म्हणजे ‘सहभागी धान’. झारखंडमधल्या हजारीबागचं कोरडवाहू भात संशोधन केंद्र आणि इरी यांनी मिळून ते तयार केलं. नावाप्रमाणे शेतकऱ्यांनाही निवडीत सहभागी करून घेतलं. २०१० च्या सुमारास ते भारतात आलं. पुढे नेपाळमध्ये ‘सुखा धान ३’ आणि बांगलादेशात ‘ब्री धान ५६’ या नावांनी तेच पोहोचलं. साधारण १०५ दिवसांत तयार होणारं हे वाण दुष्काळात इतर प्रचलित वाणांपेक्षा हेक्टरी ८ ते १० क्विंटल जास्त देतं, असं चाचण्यांत दिसलं. यात ना जीनोम एडिटिंग होतं, ना एआय. नेहमीचा संकर, पण टेस्ट योग्य होती.

त्याच काळात दुष्काळातल्या उत्पन्नाशी जोडलेले डीएनएचे तुकडेही सापडत गेले. त्यातले दोन तुकडे ‘आयआर ६४’ या लोकप्रिय वाणात आणून ‘डीआरआर धान ४२’ तयार झालं, २०१४ मध्ये ते प्रसारित झालं. डीएनए तपासणीमुळे फायदा हा की हजारो रोपांपैकी कोणाकडे हवा तो तुकडा आहे, हे पानाच्या छोट्याशा तुकड्यावरून कळतं. पण तो तुकडा कामाचा आहे हे आधी शेतातच सिद्ध करावं लागतं.

मुळांचंही एक छान उदाहरण आहे. जपानी शास्त्रज्ञांनी भाताची रोपं जाळीच्या छोट्या टोपलीत वाढवली आणि मुळं जाळीच्या कोणत्या छिद्रांतून बाहेर पडतात ते मोजलं. बाजूने बाहेर पडली तर उथळ, खालून पडली तर खोल. त्यातून ‘ड्रो १’ हा जीन सापडला. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. फिलिपिन्समधल्या ‘किनांदांग पातोंग’ या वरकस भातातला हा जीन आयआर ६४ मध्ये आणल्यावर मुळं खोल गेली. कडक दुष्काळात मूळ वाणाचं उत्पन्न जवळजवळ बुडालं, तेव्हा या सुधारित रोपांनी दाणे भरले. अट एकच: खाली ओल असायला हवी. वीतभर मातीखाली जांभा दगड असेल तर मुळं कितीही खोल जायची जिद्द धरोत, उपयोग नाही.

पूसा डीएसटी: आतमध्ये काय बदललं?

या वाणाचं मूळ ‘एमटीयू १०१०’. आंध्रातल्या मारुटेरू केंद्राचं हे वाण छत्तीसगडपासून आपल्या पूर्व विदर्भापर्यंत शेतकऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘एक हजार दहा’ म्हणून आहे. म्हणजे बदल कुठल्या कोपऱ्यातल्या वाणात केलेला नाही.

पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. डीएसटी नावाचा जीन चालू असला की ही छिद्रं बंद होण्याला एक प्रकारे आडकाठी राहते. चिनी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की हा जीन निकामी झाला तर छिद्रं जास्त मिटतात, त्यांची संख्याही कमी होते आणि पाणी वाचतं. पूसाच्या टीमने क्रिस्पर तंत्राने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या सूक्ष्म कात्रीने, एमटीयू १०१० मधला हाच जीन निकामी केला. बाहेरचा कोणताही जीन त्यात ठेवलेला नाही. अशा प्रकारच्या एडिटिंगला ३० मार्च २०२२ च्या केंद्रीय आदेशाने जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली आहे.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. २०२० मध्ये या टीमने स्वतःच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात पानं रुंद झाली, छिद्रं कमी झाली, पान पाणी जास्त धरून ठेवतं, हे सगळं आहे. पण सहनशीलतेबद्दल शास्त्रज्ञांनी मोजूनमापून लिहिलं होतं: रोपावस्थेत पाण्याच्या ताणाला मध्यम, मिठाला जास्त. म्हणजे पत्रकात मिठाचे आकडे पुढे का, याचा धागा तिथेच मिळतो. शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधात फरक केला होता, तो हेडलाइनमध्ये गळून पडला.

आणि फुकट काहीच मिळत नाही. छिद्रं कमी म्हणजे पाणी वाचलं, पण घाम कमी आल्यासारखं पान गरमही जास्त होऊ शकतं, आणि कार्बन डायऑक्साइडही कमी मिळू शकतो. फुलोऱ्यात ३५-३६ अंश तापमान आणि कोरडी जमीन एकत्र आली तर काय होतं, हे बघायला शेतच लागतं, तेही वेगवेगळ्या जिल्ह्यांतलं आणि एकापेक्षा जास्त वर्षांचं.

अशा चाचण्यांसाठी देशात अखिल भारतीय समन्वित भात प्रकल्प आहे, १९६५ पासून. देशभरच्या केंद्रांवर नवी वाणं जुन्या वाणांच्या शेजारी लावून तुलना होते. २०२५ च्या शेवटी याच प्रकल्पाच्या अहवालांवर बोट ठेवून जीएम-विरोधी गटांनी आक्षेप घेतला की जाहीर केलेले दावे चाचण्यांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने हे आरोप फेटाळले. कोण बरोबर, हे रीलवर ठरणार नाही. ठरवायचा रस्ता एकच: प्रत्येक केंद्राचे, प्रत्येक वर्षाचे, दुष्काळाचे वेगळे आणि मिठाचे वेगळे आकडे सगळ्यांना बघता येतील असे खुले ठेवणं. वाण चांगलं असेल तर खुल्या आकड्यांनी त्याचं नुकसान काहीच होणार नाही.

एआय आणि तुमचा फोन इथे काय करू शकतात?

पानाची सुरळी माणसाने डोळ्यांनी बघून गुण देणं हे कंटाळवाणं आणि चुकीला जागा देणारं काम. एकाला जे ५ वाटतं ते दुसऱ्याला ७. फोटोवरून गुण देणारं मॉडेल इथे खरंच मदत करतं. ड्रोनवरचा कॅमेरा पूर्ण शेताचा फोटो काही मिनिटांत घेतो. थर्मल कॅमेरा पिकाचं तापमान दाखवतो.

पण त्याचा अर्थ लावताना घोळ होतो. थर्मल फोटोत एक वाण थंड दिसतंय. ते चांगलं का? खोल मुळांचं वाण असेल तर हो, कारण ते खालून पाणी ओढतंय आणि पान थंड ठेवतंय. पण डीएसटीसारखं पाणी वाचवणारं वाण त्याच फोटोत गरम दिसेल, आणि तेही आपलं काम बरोबरच करत असेल. एकच रंग, दोन उलटे अर्थ. शेवटी लोंबीतले भरलेले दाणे मोजून मॉडेलला शिकवलं नाही, तर ते नुसते सुंदर रंगीत नकाशे देत बसेल.

वेळेचंही तसंच. भर दुपारी वळलेलं पान पहाटे पुन्हा उघडतं. सकाळी नऊचा आणि दुपारी दोनचा फोटो एकाच डेटामध्ये मिसळला तर एआय गोंधळणारच.

हे घरी करून बघता येतं. दोन सारख्या कुंड्यांत भाताची रोपं लावा, एकीत एक आणि दुसरीत पाच. दोन्हींचं पाणी एकाच दिवशी बंद करा. रोज दुपारी दोन वाजता, त्याच जागेवरून फोनने फोटो काढा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कुंड्यांचं वजन लिहून ठेवा. पाच रोपांची कुंडी आधी मान टाकेल. वाण एकच, पण फोटो बघणारा म्हणेल की दुसरं वाण ‘सहनशील’ आहे. वजनाचा कागद समोर ठेवला की खरं कळेल.

पुढची बातमी आली की हे विचारा

• टेस्ट रोपावस्थेत झाली की फुलोऱ्यात?
• कुंडीत की शेतात? किती ठिकाणी, किती वर्षं?
• तुलना कोणत्या वाणाशी केली? दोघांचा कालावधी सारखा होता का?
• टक्क्यांसोबत क्विंटल दिलेत का?
• चांगल्या पावसाच्या वर्षी हे वाण किती देतं?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दुष्काळ दरवर्षी येत नाही. चार वर्षं कमी पिकून पाचव्या वर्षी वाचवणारं वाण कोणी लावणार नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भातशेती असेल, आणि बियाण्याची पिशवी घेताना वडील किंवा काका आता तुम्हालाच म्हणत असतील, “जरा मोबाईलवर बघ रे, कसं आहे हे.” एक चुकीची पिशवी म्हणजे एक पूर्ण हंगाम. नवं वाण जाहीर झालं म्हणजे दुकानात आलं असंही नसतं. पैदासकार, पायाभूत, मग प्रमाणित अशा पायऱ्यांनी बियाणं वाढवावं लागतं, त्यात काही वर्षं जातात. मधल्या काळात कोणी ‘तेच नवीन बियाणं’ म्हणून खुलं विकत असेल तर सावध राहा. पिशवीवरचा प्रमाणीकरणाचा टॅग आणि लॉट नंबर बघा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि पावती घ्या.

खारेपाटात शेती असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल १, २, ३ ही मिठाला टिकणारी वाणं आधीपासून आहेत. पूसा डीएसटी आलं की त्यांच्याच शेजारी लावून बघता येईल. आणि वरकस जमीन असेल, तर सगळं शेत एकदम बदलू नका. एका कोपऱ्यात दोन गुंठे नवं, शेजारी दोन गुंठे नेहमीचं, दोन्हीला पाणी सारखं. कापणीला दोन्हीकडची पोती वेगळी मोजा. शास्त्रज्ञ शेतावर जी टेस्ट घेतात, तिचं हे घरगुती रूप आहे, आणि तुमच्या मातीपुरता त्याचा निकाल कोणत्याही हेडलाइनपेक्षा जास्त भरवशाचा असेल.